बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकच: वेब फॉर्मची दुबार नोंद कशी रोखायची आणि गेट, पोस्ट, पुट कधी वापरायचं

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूर-उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीन यायला लागलं की आडत दुकानातल्या मुनिमाला मान वर करायला सवड नसते. समजा, अशा एका दुकानासाठी तुम्ही आवक नोंदवायची छोटी वेबसाइट केली आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन, काटापट्टीचा (काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठीचा) नंबर, आणि खाली ‘नोंद करा’ हे बटण. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जेमतेम. मुनिमानं बटण दाबलं, पान नुसतंच फिरत राहिलं, म्हणून पुन्हा दाबलं. संध्याकाळी हिशोबाला बसल्यावर ४० कट्ट्यांचे ८० झालेले, २४ क्विंटलचे ४८, आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या छापलेल्या.

यात मुनिमाची चूक काहीच नाही. फॉर्म असा बांधायला हवा होता की त्यानं दहादा दाबलं तरी नोंद एकच पडेल. पुढच्या पायऱ्या पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) धरून लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत प्रोजेक्ट बहुतेक झॅम्पवरच (सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं सॉफ्टवेअर) होतात. झॅम्पमध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी असतो. इथल्यापुरता फरक नाही. पायथन किंवा नोडवर काम करणाऱ्यांना नावं बदलून सगळं तसंच लागू पडेल.

दुबार होतं कशानं

दोनदा क्लिक करणं हे फक्त डोळ्याला दिसणारं कारण. कॉम्प्युटरवर आयकॉन उघडायला डबल क्लिकची सवय झालेला माणूस वेबवरच्या बटणावरही डबल क्लिक करतो. एन्टर दाबूनही फॉर्म जातो, तेव्हा बटणाला हातही लागत नाही. नोंद झाल्यावर त्याच पानावर एफ५ दाबलं की ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवू का’ असं विचारतो आणि माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो. मागे जाऊन पुन्हा पाठवणारेही असतात.

पण सगळ्यात फसवं कारण वेगळंच आहे. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद झाली, आणि उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. काम झालं नाही की झालं आणि निरोप हरवला, हे त्याला इकडून ओळखताच येत नाही. आणि ब्राउझरमध्ये ‘थांबवा’ दाबलं म्हणून सर्व्हर थांबत नाही. पलीकडचा माणूस निघून गेलाय हे पीएचपीला काही मजकूर पाठवायला गेल्यावरच समजतं, तोवर इन्सर्ट (टेबलमध्ये नवी ओळ घालणं) होऊन गेलेलं असतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये अशा विनंतीपुढे ४९९ (ब्राउझरनं मध्येच जोडणी तोडली) दिसतं. ते पाहून ‘नोंद झाली नसेल’ असं धरू नका.

म्हणून पुन्हा पाठवणं बंद पाडायच्या नादाला लागू नका. रेंज गेल्यावर पुन्हा पाठवणं हे शहाणपणच आहे. सर्व्हरला ‘हे तेच काम आहे’ हे ओळखता यायला हवं.

पहिली पायरी: मेथड नीट निवडा

मेथड म्हणजे विनंती कोणत्या प्रकारची आहे हे सर्व्हरला सांगणारा शब्द: गेट, पोस्ट, पुट वगैरे. ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी, आणि त्याचं आजचं प्रमाण म्हणजे जून २०२२ चं आरएफसी ९११०. त्यात मेथडचे दोन गुण सांगितले आहेत, तेवढे डोक्यात बसले की निवड आपोआप होते. पहिला ‘सेफ’: नुसतं बघणं, सर्व्हरवर काही बदलायला न सांगणं. दुसरा ‘आयडेम्पोटंट’: एकदा पाठवा की दहादा, शेवटची स्थिती तीच.

गेट हे दोन्ही आहे. ‘आजची आवक दाखव’, ‘तुरीचा कालचा भाव शोध’ हे गेटचं काम. माहिती पत्त्यातच असते, म्हणून ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, बुकमार्क करता येते, कितीदाही रिफ्रेश करता येते. शोधाचा फॉर्म पोस्टनं करणारे पुष्कळ असतात. त्यात धोका नाही, पण हे सगळे फायदे हातचे जातात. उलट आधार नंबर, पासवर्ड, मोबाइल नंबर गेटनं पाठवलात तर ते ब्राउझरच्या हिस्ट्रीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडे पडून राहतात.

गेटनं काही बदलायचं नाही, हा नियम पुस्तकी वाटतो. तो मोडल्यावर काय होतं ते मे २००५ मध्ये जगानं पाहिलं. गूगलनं ‘वेब अ‍ॅक्सिलरेटर’ नावाचं साधन आणलं होतं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. ज्या साइटवर ‘डिलीट’ ही साधी लिंक होती, तिथं ते गुपचूप ‘डिलीट’ही उघडायचं आणि लोकांची माहिती उडायची. ते साधन बंद झालं, सवय गेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक टाकली की खाली छोटं चित्र आणि शीर्षक येतं, ते लिंक उघडूनच येतं. ईमेल तपासणारी सुरक्षा सॉफ्टवेअरंही लिंका उघडून बघतात. तेव्हा ‘नोंद पक्की करण्यासाठी इथे दाबा’ अशी लिंक पाठवायची असेल, तर लिंकवर फक्त पान उघडू द्या आणि पक्कं करायचं बटण त्या पानावर पोस्टनं ठेवा.

पोस्ट सेफही नाही आणि आयडेम्पोटंटही नाही. नवी आवक नोंदवणं हे त्याचं काम, आणि म्हणूनच दुबारचा सगळा त्रास त्याच्याच वाट्याला येतो.

पुट म्हणजे ‘या पत्त्यावर हे असं ठेव’. ‘सोयाबीनचा आजचा भाव ४,५०० ठेव’ हे दहादा आलं तरी भाव ४,५००च. ‘भाव ५०नं वाढव’ हे मात्र दोनदा आलं तर १०० वाढले. नाव पुट दिलं म्हणून ते आयडेम्पोटंट होत नाही, आतला कोडही तसा लागतो. डिलीट ही नोंद काढून टाकणारी मेथड. ती दुसऱ्यांदा आली तर ४०४ (‘सापडलं नाही’) द्या, हरकत नाही. नोंद गेलेलीच आहे. पॅच नोंदीचा काही भागच बदलतं. ते आयडेम्पोटंट असेलच असं धरून चालू नका.

नवख्यांना हमखास अडवणारी गोष्ट: एचटीएमएलच्या फॉर्मला माहिती पाठवायला गेट आणि पोस्ट एवढंच कळतं. फॉर्मच्या मेथडमध्ये पुट लिहिलंत तर ब्राउझर तक्रार करत नाही, मुकाट गेट वापरतो आणि सगळी माहिती पत्त्यात जाते. पुट-डिलीट हवंच असेल तर जावास्क्रिप्टच्या फेचनं पाठवा, किंवा लारावेलसारखी फ्रेमवर्क करतात तसं पोस्टच ठेवून आत लपलेल्या फील्डमध्ये खरी मेथड लिहा. साध्या साइटला गेट आणि पोस्ट पुरे. सगळ्या मेथड वापरल्या म्हणून प्रोजेक्ट भारी होत नाही.

दुसरी पायरी: नोंद झाली की पान बदला

पोस्टच्या उत्तरात थेट ‘नोंद झाली’ असं पान छापू नका. नोंद करा, मग ब्राउझरला ३०३ हा उत्तराचा कोड देऊन पावतीच्या पानाकडे धाडा. ब्राउझर ते पान गेटनं उघडतो. आता एफ५ दाबलं तर पावतीच पुन्हा दिसते, फॉर्म पुन्हा जात नाही. या रीतीला पोस्ट-रिडायरेक्ट-गेट म्हणतात.

पीएचपीत हेडर फंक्शनला लोकेशन द्या आणि तिसऱ्या जागी ३०३ लिहा; ते न लिहिल्यास ३०२ जातं. ब्राउझर ३०२ लाही जुन्या सवयीनं गेटच करतात, त्यामुळे चालून जातं, पण ३०३ चा अर्थच ‘आता तिकडे गेटनं जा’ असा आहे. ३०७ किंवा ३०८ चुकूनही वापरू नका. ते पोस्ट पोस्टच ठेवतात, म्हणजे सगळी माहिती नव्या पत्त्यावर पुन्हा पोस्ट होते. हेडरनंतर लगेच एक्झिट लिहा. ते विसरलं की खालचा कोड चालतच राहतो.

‘हेडर आधीच पाठवले आहेत’ अशा अर्थाचा इशारा आला तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ आहे का बघा. तीही नसेल तर बॉम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण, तपासा. मराठी मजकूर असलेली फाइल जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की नोटपॅड सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालायचा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून तो आपणहून घालत नाही, पण जुन्या मशीनवर हे भूत अजून भेटतं. एडिटरमध्ये ‘बॉमशिवाय यूटीएफ-८’ निवडून सेव्ह करा.

माहितीत चूक असेल, म्हणजे वजन रिकामं किंवा कट्टे शून्य, तर रिडायरेक्ट करायची गरज नाही. तोच फॉर्म भरलेल्या माहितीसकट ४२२ (माहितीत चूक आहे) देऊन परत दाखवा. नोंद झालेलीच नाही, त्यामुळे पुन्हा पाठवण्यात धोका नाही.

आणखी एक: फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये एचटीटीपीचा पत्ता आहे आणि सर्व्हर ३०१ नं (पत्ता कायमचा बदलल्याच्या कोडनं) एचटीटीपीएसवर ढकलतो, असं असेल तर वाटेत पोस्टचं गेट होतं आणि माहिती गळून पडते. ‘फॉर्म रिकामाच येतो’ अशी तक्रार आली की आधी हे बघा.

या पायरीनं एफ५ चा प्रश्न सुटतो. उत्तर येण्याआधी झालेला डबल क्लिक आणि हरवलेलं उत्तर, हे दोन्ही तसेच राहतात.

तिसरी पायरी: कामाला आधी नंबर द्या

मोंढ्यात हे फार पूर्वीपासून चालतं. काट्यावर वजन झालं की छापील नंबराची काटापट्टी फाटते आणि पुढचा सगळा व्यवहार त्या नंबरावर चालतो. तीच पट्टी कोणी दुसऱ्यांदा आणली तर मुनीम म्हणतो, ‘ही झाली की.’ फॉर्मलाही असाच नंबर हवा, आणि तो पाठवायच्या आधीच मिळायला हवा.

फॉर्मचं पान गेटनं उघडतं तेव्हा सर्व्हरवर १६ रँडम बाइट तयार करा. पीएचपी ७ पासून त्यासाठी रँडम-बाइट्स हे फंक्शन आहे. हेक्समध्ये लिहिले की ३२ अक्षरांचं टोकन होतं. ते फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये ठेवा. आवकच्या टेबलमध्ये ३२ अक्षरांचा ‘टोकन’ कॉलम घ्या, त्याला नॉट नल (किंमत नसलेली ओळ चालणार नाही असा) करा आणि त्यावर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) लावा. नॉट नल विसरू नका, कारण युनिक कॉलममध्ये नल कितीही वेळा बसतो. टोकन न पाठवणारी प्रत्येक विनंती मग आरामात आत जाते.

इथं बहुतेकांचा पहिला कोड असा असतो: आधी सिलेक्ट करून बघायचं की हे टोकन आहे का, नसेल तर इन्सर्ट. हे चुकतं. दोन मुनीम एकाच वेळी एकाच वहीत डोकावले, दोघांनाही नोंद दिसली नाही, आणि दोघांनीही लिहिली, तसं होतं. दोन विनंत्यांमध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर असलं तरी पुरतं. म्हणून विचारत बसू नका, सरळ इन्सर्ट करा. युनिक इंडेक्समुळे डेटाबेस दुसरी ओळ स्वतःच नाकारतो आणि १०६२ हा एरर देतो. तो पकडा, आधीची नोंद टोकनवरून शोधा आणि तिच्याच पावतीकडे ३०३ नं पाठवा. मुनिमाला ‘दुबार!’ असं लाल अक्षरांत ओरडून सांगायची गरज नाही. त्याला पावती हवी होती, ती मिळाली.

पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) वापरत असाल तर एक बारीक गोष्ट. एक्सेप्शनचा कोड २३००० येतो, पण तो फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोडणारा नियम) मोडल्यावरही येतो. एरर-इन्फोमधली दुसरी किंमत १०६२ आहे का, तेच तपासा. ‘इन्सर्ट इग्नोर’ हा सोपा रस्ता वाटतो, मात्र तो दुबारबरोबर इतर चुकाही इशारा देऊन गिळतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती ९.५ पासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ आहे, ते जास्त नेमकं.

नाकारलेल्या इन्सर्टमुळेही ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या आयडीचा) एक आकडा खर्च होतो. म्हणून १०१ नंतर १०३ दिसेल. तो आयडी पावती नंबर म्हणून छापू नका, नाहीतर मधली पावती कुठे गेली म्हणून ऑडिटला उत्तरं देत बसाल.

टोकनमध्ये लोक कुठे घसरतात

टोकन जावास्क्रिप्टनं बटण दाबताना तयार केलं तर प्रत्येक क्लिकला नवं टोकन आणि प्रत्येक क्लिकला नवी नोंद. पान उघडतानाच करा. सेशनमध्ये (सर्व्हरनं त्या वापरणाऱ्यासाठी जपलेल्या माहितीत) एकच टोकन ठेवलं की दोन टॅब उघडणाऱ्याचा एक टॅब मरतो. प्रत्येक पानाला स्वतःचं द्या. सीएसआरएफ टोकन हे वेगळं प्रकरण आहे. ते विनंती आपल्याच साइटवरून आली का एवढं पाहतं, सहसा सेशनभर तेच राहतं, आणि दुबार नोंदीला काहीही अडवत नाही. फॉर्मचं पान कॅशमधून येऊ नये म्हणून कॅश-कंट्रोलला नो-स्टोअर ठेवा, नाहीतर दोन खऱ्या नोंदींना एकच टोकन मिळायचं.

यातला सगळ्यात वाईट प्रकार असा. मुनिमानं पहिली नोंद केली, ‘मागे’ दाबून तोच फॉर्म आणला, त्यात दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव-वजन भरलं आणि पाठवलं. टोकन जुनंच, त्यामुळे आपला कोड त्याला पहिल्याची पावती दाखवतो आणि दुसऱ्याचा माल कुठेच नोंदला जात नाही. दुबार नोंदीपेक्षा हे जास्त महागात पडतं, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून १०६२ आल्यावर जुन्या नोंदीशी माहिती ताडून पाहा. सगळं जुळलं तर जुनी पावती. एखादंही फील्ड वेगळं असेल तर भरलेली माहिती तशीच ठेवून, नवं टोकन घालून फॉर्म परत दाखवा आणि वर लिहा: ‘या पानावरून एक नोंद आधीच झाली आहे. ही नवी नोंद असेल तर पुन्हा पाठवा.’

चौथी पायरी: व्यवहारातला नंबरही वापरा

टोकन एकाच पानावरून पुन्हा आलेली विनंती ओळखतं. सकाळी नोंदवलेली काटापट्टी दुपारी दुसऱ्या मुनिमानं नव्या फॉर्ममध्ये घातली, तर टोकनला ती नवीच वाटणार. त्यासाठी काटा, हंगाम आणि काटापट्टी नंबर या तिघांवर मिळून दुसरा युनिक इंडेक्स लावा. नुसत्या नंबरावर लावू नका. पुढच्या वर्षी पुस्तक पुन्हा १ पासून सुरू होतं. १०६२ आता दोन ठिकाणांहून येऊ शकतो. कोणता इंडेक्स मोडला हे एररच्या मजकुरात असतं. टोकनचा असेल तर वर सांगितलं तसं, काटापट्टीचा असेल तर ‘ही पट्टी अमुक वाजता नोंदली आहे’ असं दाखवा.

नाव आणि मोबाइलवर युनिक लावायचा मोह आवरा. एका घरात बापलेकांचा नंबर एकच असतो. ‘पाच मिनिटांत तेच नाव, तेच वजन आलं तर दुबार’ असा नियमही नको. वसमतला हळदीच्या हंगामात एकच शेतकरी लागोपाठ सारख्याच वजनाच्या दोन खेपा आणू शकतो.

नंबर साठवण्याआधी स्वच्छ करा. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे येतात, इंग्रजी कीबोर्डवरून इंग्रजी (1, 2, 3). पीएचपीत देवनागरी ‘१२’ चं इंटिजर केलं की शून्य मिळतं. सगळे आकडे आधी एका लिपीत आणा, पुढची-मागची मोकळी जागा काढा, मगच डेटाबेसला द्या.

एसएमएस पाठवायचा असेल तर ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावर. आधी एसएमएस आणि मग इन्सर्ट असा क्रम ठेवला, तर नोंद एकच पडेल पण शेतकऱ्याला निरोप दोन जातील. पैशाचा व्यवहार असेल तर पेमेंटला पाठवण्याआधी आपल्या टेबलमध्ये ऑर्डर ‘बाकी’ म्हणून लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तर त्याच ऑर्डरची स्थिती विचारा, नवी ऑर्डर काढू नका. पेमेंट कंपनीचा निरोप दोनदाही येऊ शकतो. त्यालाही हाच युनिकचा नियम.

बटण बंद करणं

हे शेवटी ठेवलं आहे, कारण बहुतेक लोक इथूनच सुरू करतात आणि इथंच थांबतात. बटण बंद करणं म्हणजे मुनिमाला ‘काम चालू आहे’ हे सांगणं. राखण युनिक इंडेक्स करतो. तरीही करा, पण असं करा.

बटणाच्या क्लिकवर नको, फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर बंद करा. क्लिकवर बंद केलं आणि वजन रिकामं राहिलं असेल, तर फॉर्म जात नाही आणि बटण मात्र मेलेलं राहतं. सबमिट इव्हेंट तपासणी पार पडल्यावरच येतो आणि एन्टरलाही येतो. बटण बंद करून त्यावर ‘नोंद होत आहे…’ लिहा. बंद बटणाचं नाव आणि किंमत फॉर्मसोबत जात नाही, त्यामुळे ‘जतन’ आणि ‘जतन करून छापा’ अशी दोन बटणं असतील तर निवड हिडन फील्डमध्ये लिहा. मागे आल्यावर ब्राउझर पान जसंच्या तसं, बंद बटणासकट दाखवू शकतो, म्हणून पान दिसल्यावर येणाऱ्या पेजशो इव्हेंटवर बटण पुन्हा चालू करा. फेच वापरत असाल तर वेळ संपल्यावर पुन्हा पाठवताना तेच टोकन पाठवा. इथं नवं टोकन घेतलं की आतापर्यंतची मेहनत पाण्यात.

तपासून बघा

इन्सर्टच्या आधी स्लीप ५ (पाच सेकंद थांब) टाका आणि बटणावर भराभर क्लिक करा. जावास्क्रिप्ट बंद करून तेच करा. पाठवल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका, दहा सेकंदांनी काढा, पुन्हा पाठवा. एफ५ दाबा. मागे जाऊन तसंच पाठवा, मग वजन बदलून पाठवा. प्रत्येक वेळी टेबलमधल्या ओळी मोजा. पानावर काय दिसतं त्यावर जाऊ नका.

एकाच ब्राउझरमधून केलेली चाचणी फसवते. पीएचपी सेशनची फाइल एका विनंतीपुरती कुलूपबंद करतं, म्हणून दुसरी विनंती रांगेत थांबते आणि सिलेक्ट-मग-इन्सर्टवाला चुकीचा कोडही बरोबर वाटतो. टर्मिनलवरून कर्ल या विनंत्या पाठवणाऱ्या साधनानं, सेशनच्या कुकीशिवाय, तेच टोकन असलेल्या दोन विनंत्या एकाच क्षणी सोडा. ओळ एकच पडली पाहिजे आणि दोन्हींना तीच पावती मिळाली पाहिजे.

जुन्या, चालू साइटला हे लावताना युनिक इंडेक्स लागणारच नाही, कारण टेबलमध्ये दुबार नोंदी आधीच असतात आणि ऑल्टर टेबल ही टेबल बदलायची आज्ञाही १०६२ देते. आधी बॅकअप घ्या. काटा, हंगाम आणि काटापट्टी नंबरावर ग्रुप बाय करून, मोजणी १ पेक्षा जास्त असलेल्या ओळी काढा आणि ती यादी मुनिमासमोर ठेवा. कोणती खरी हे तोच सांगेल. ज्या ओळीवर पट्टी फाटली आहे ती डिलीट करू नका. ‘रद्द’ असा शिक्का देणारा कॉलम घाला आणि रद्द ओळीच्या काटापट्टी नंबरापुढे ‘-र’ आणि तिचा आयडी जोडा, म्हणजे इंडेक्सही लागेल आणि कागदाचा हिशोबही जुळेल. टोकनचा कॉलम जुन्या ओळींना भरताना प्रत्येकीला वेगळं टोकन द्या. सगळ्यांना रिकामी अक्षरं ठेवलीत तर तेच १०६२ पुन्हा पुढ्यात येईल.